जाम झालेल्या कळ्या

माझ्या गच्चीवर गुलाबाच्या अठ्ठावीस कुंड्या आहेत आणि गुलाबाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मला किती जड गेलं ते लक्षात येईल. जळगावात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. फुलाचे भाग मी रंगीत खडूंनी फळ्यावर इतक्या वेळा काढलेत की झोपेतही काढीन. आणि तरीही पाऊस पडून गेला की माझ्या गच्चीवरचे गावठी गुलाब हमखास दगा द्यायचे.

गावठी म्हणजे तो फिकट गुलाबी, पातळ पाकळ्यांचा, घमघमणारा. कळी छान भरायची, रंग दाखवायची, आता उद्या उमलणार असं वाटायचं आणि तिथेच थांबायची. बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या वाळून चहाच्या डागासारख्या तपकिरी व्हायच्या आणि कागदासारख्या एकमेकींना चिकटून बसायच्या. आतलं फूल आतच कोंडायचं. चार दिवसांनी हात लावावा तर कळी मऊ लागायची आणि आंबूस वास यायचा. मी बुरशीनाशक फवारलं, खत बदललं, कुंड्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेल्या, नवऱ्याला बोलले. कशाचाही उपयोग झाला नाही.

अशाच एका पावसाळ्यात, दोन दिवसांच्या झडीनंतर, स्कूटरचा ब्रेक लागत नव्हता म्हणून मी आमच्या मिस्तरींकडे गेले. त्यांचं गॅरेज रस्त्यालगत आहे, मागे घर, आणि गॅरेजच्या भिंतीला लागून इंजिन ऑइलच्या कापलेल्या डब्यांची रांग. त्या डब्यांत गुलाब. ते मला नवीन नव्हते. मिस्तरींची मुलगी आठवीत माझ्या वर्गात होती, तेव्हा छाटणीनंतरच्या फांद्या मी वर्गातल्या प्रत्येकीला एकेक दिली होती. बाकीच्यांच्या महिन्याभरात वाळल्या. हिने एकीच्या अकरा केल्या. तर त्या दिवशी बघते तो काय, माझ्या गच्चीवर एक कळी धड उमललेली नाही आणि इथे ऑइलच्या डब्यांत सगळी फुलं टम्म उघडलेली. माझ्याच झाडाची औलाद! अंगाची नुसती लाहीलाही झाली.

"भाऊ, यांना तुम्ही काय घालता?" मी विचारलं. आवाजात जरा धारच होती.

"काही नाही मॅडम," ते म्हणाले, "हवा मारतो."

मला वाटलं, चेष्टा करतायत. त्यांनी टायरमध्ये हवा भरायची नळी उचलली, तिच्या तोंडावर अंगठा अर्धवट धरला, म्हणजे जोर कमी होतो, आणि एका भिजलेल्या कळीवर बाजूने फुस्स केलं. पाकळ्यांच्या फटीतून पाणी उडालं. कळी हलली, थरथरली आणि कोरडी झाली. मग दुसरी, मग तिसरी. "पाणी आत राहून गेलं आणि वरून कडक ऊन पडलं, की कळी जाम होते," त्यांनी सांगितलं. "गाडी धुतल्यावर प्लगमध्ये पाणी ठेवतो का आपण? तसंच आहे."

इतकी वर्षं मी शिकवत होते आणि या माणसाने एका वाक्यात विषय संपवला. मला राग आला हे खरं आहे. पण घरी येईपर्यंत तो कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी कौतुक येऊन बसलं. ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांनी फुलावरचं पाणी उडवायचं, तेही पाकळी न दुखावता, हे सुचायला डोकं लागतं. आणि रोज पावसात उठून तेवढं करायला माया लागते.

पण हवा मारूनही काही कळ्या जाम व्हायच्याच. त्यांचं काय करता, असं मी पुढच्या खेपेला विचारलं.

"त्या पोरगी खोलते. ते माझं काम नाही."

मुलगी तोवर लॅब टेक्निशियनचा कोर्स करून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली होती. तिथे येणारी म्हातारी माणसं 'ती हलक्या हाताची पोरगी आहे का' असं विचारूनच बाही वर करायची. मीही एकदा तिच्याकडून रक्त काढून घेतलं. सुई गेली कधी आणि आली कधी, कळलं नाही. तोच हात ती कामावर जाण्याआधी त्या कळ्यांवर चालवायची. मी पाहिलंय. डाव्या हाताची दोन बोटं कळीच्या मानेखाली, उजव्या हाताच्या तर्जनीने वाळलेल्या पाकळीची कड शोधायची, ती बाजूने खाली सरकवायची. शेंड्याकडून कधीच नाही. एक पाकळी, दुसरी, फार तर तिसरी. आतली गुलाबी दिसली की हात काढून घ्यायचा.

"बस, मॅडम. वरचं तेवढं काढायचं. आतल्या पाकळ्यांना हात लावायचा नाही, त्या आपल्या आपण उघडतात."

मी घरी येऊन करून पाहिलं. दहातल्या सहा फाडल्या. माझी शिष्या माझ्या पुढे गेली होती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्या पिढीच्या बायांना कौतुक तोंडावर करता येत नाही, पाठीमागे मात्र आम्ही गावभर सांगत सुटतो.

यंदा तिचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, कापडाचं दुकान, माणसं बरी. तारीख माघातली, थंडी सरतानाची. ती सहावीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून बापाने आणि त्यांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे तिच्या फुफीने, तिला वाढवलं. मी पत्रिका घ्यायला गेले तेव्हा मिस्तरी गॅरेजच्या बाकावर माझ्याशेजारी बसले. एरवी ते बसत नाहीत, उभ्याउभ्याच बोलतात.

"मॅडम, सगळं बाजारातून आणलं," ते म्हणाले. "कपडे, दागिने, भांडी, सगळं. हिची आई असती तर चार गोष्टी घरच्या हातच्या झाल्या असत्या. मला काय येतं? म्हणून एकच ठरवलंय. निकाहला हिच्या गळ्यातला हार या डब्यांतल्या फुलांचा. बाजारचं एक फूल त्यात नको."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हातातला पाना पुसत राहिले. मला भरून आलं आणि भरून आलं की मी नको तेवढं बोलते. "कमी पडली तर माझ्या गच्चीवरची घ्या," मी म्हणाले. "झाड एकच आहे, म्हणजे घरचीच झाली. मी दोन परड्या भरून देते." ते हसले. त्यांनी ते धरूनच चालायचं ठरवलं असणार.

निकाह रविवारी होता. गुरुवारी संध्याकाळी, काही कारण नसताना, आभाळ भरून आलं आणि अवकाळी पाऊस सुरू झाला. शुक्रवारी दिवसभर रिपरिप. माझ्या गच्चीवर कळ्या अगदी ऐन भरात होत्या. मी शाळेत होते, आणि माझी काळजी आमच्या यजमानांना बघवली नसावी. ते असोद्याचे, त्यांच्या भावाची केळीची बाग आहे. ते गेले आणि केळीच्या घडांना घालतात त्या पांढऱ्या पिशव्या मोटारसायकलवर घेऊन आले. संध्याकाळी मी गच्चीवर गेले तर एकेका गुलाबाला पिशवी घालून, खाली सुतळीने गच्च बांधलेली. अठ्ठावीस कुंड्या.

"केळीच्या घडाले पिशवी घालतो ना आपन? मंग गुलाबाले काहून नही?" त्यांनी मोठ्या रुबाबात विचारलं.

आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, त्यांना शाबासकी दिली. हे मुद्दाम लिहून ठेवते. कारण शनिवारी सकाळी कडक ऊन पडलं आणि दहा वाजता मी पिशव्या सोडल्या, तेव्हा आतून इडलीच्या भांड्यासारखी वाफ आली. आधीच भिजलेल्या कळ्या आम्ही बांधून ठेवल्या होत्या. रंग गेलेला, वास आंबूस, बोट लावलं की पचपचीत. एकही वाचली नव्हती. नवरा बिचारा खाली मान घालून उभा होता. त्यांना बोलायला मला तोंड उरलं नव्हतं, म्हणून मी तशीच स्कूटर काढली आणि मिस्तरींकडे गेले, दोन परड्यांचं काय झालं ते सांगायला.

तिथे वेगळीच कथा. शुक्रवारी रात्रीपासून त्या भागातली लाइट गेलेली. लाइट नाही म्हणजे कॉम्प्रेसर नाही. टाकीत उरलेल्या हवेवर पहाटे दोन झाडं झाली, मग नळी नुसतीच उसासे टाकायला लागली. मिस्तरींनी सायकलचा हातपंप आणला, पुठ्ठ्याने वारा घातला, तोवर ऊन चढलं. मी पोचले तेव्हा डब्यांतल्या जवळजवळ सगळ्या कळ्या जाम झाल्या होत्या.

आणि कळ्या खोलणारी? ती आत दिवाणावर बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले, बोटं फाकवून, उशीवर टेकवून. मेंदी नुकतीच काढून झाली होती. संध्याकाळपर्यंत तिला हलवायचं नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी लावायचं नाही, असा फुफीचा हुकूम. घर बायकांनी भरलेलं. मी माझ्या गच्चीची कहाणी सांगितली. मिस्तरी भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मी फूलबाजारात जाऊन येतो." इतक्या वर्षांत त्या माणसाचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"अब्बू, थांबा," मुलगी म्हणाली. "कळ्या आजच जाम झाल्यात. आतून चांगल्या असतील. आत्ता खोलल्या तर सकाळपर्यंत उमलतात. मी हात धुते."

ती उठलीसुद्धा. एकच गलका झाला. फुफी दारात आडवी उभी राहिली. "अगं, लग्नाची मेंदी आहे! धुणार म्हणजे? फिकी मेंदी घेऊन धुळ्याला जाणार?"

"जाईन."

"नाही," मिस्तरी म्हणाले. "मेंदी धुवायची नाही." मग त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "तू सांग. मी करतो."

डबे उचलून आत आणले गेले. मिस्तरींनी पेट्रोलने हात धुवायला घेतले तर लेकीने ओरडून थांबवलं, फुलांना वास लागेल म्हणून. मग फुफीने बेसन आणि लिंबू दिलं. त्यांनी नखांपर्यंत घासघासून हात धुतले. काळेपणा गेला नाहीच, तो कातडीतच मुरलेला आहे. पण वास गेला. ते लेकीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले, डबा मधे. मी शेजारी दुसरा डबा घेतला.

"आधी दाबून बघा, हळू. टणक लागली तर चांगली. मऊ लागली तर सोडून द्या."

"टणक आहे."

"आता वाळलेल्या पाकळीची कड शोधा. शेंड्याला हात नको."

त्यांना कड सापडेना. तापलेल्या सायलेन्सरवर, पान्यांवर जन्म घालवलेली बोटं. एवढी पातळ कड त्या बोटांना कळणार कशी? पहिली कळी फाटली, आतल्या पाकळ्यांसकट. दुसरीही फाटली. माझ्याही दोन गेल्या, पण मला जमलं नाही तरी कुणाचं काही अडत नव्हतं. तिसरी फाटली तेव्हा त्यांनी डबा सरकवला. "माझ्याने नाही होणार. माझे हात लोखंडाचे झालेत."

मुलीचे हात उशीवरून उचलले गेले, पुढे आले, आणि फुफीने 'हां!' करताच हवेतच थांबले. मला तो क्षण विसरता येणार नाही. रंगाने ओले, निरुपयोगी झालेले ते हुशार हात आणि समोर धुवून बसलेले ते जाड हात, मधे हातभर अंतर. मग ती एकदम म्हणाली,

"अब्बू, कार्बोरेटरचं जुनं पॅकिंग कसं काढता?"

ते चमकले. "पॅकिंग?"

"कागदासारखं पातळ, चिकटून बसलेलं. ओढलं की फाटतं. तुम्ही नाही फाडत, अख्खं काढता. मी लहानपणापासून बघतेय."

"ते ओढायचं नसतं," ते हळूच म्हणाले. "एका कोपऱ्याला सोडवून घ्यायचं. मग त्याला सुटायला वेळ द्यायचा."

"मग तेच करा."

मिस्तरींनी चौथी कळी घेतली. या वेळी कड शोधत बसले नाहीत. अंगठ्याच्या बाजूने पाकळीच्या बुडाशी किंचित दाब दिला आणि थांबले. थांबलेच. आम्ही सगळ्या बायका श्वास धरून बघत होतो, एखादी शस्त्रक्रिया चालू असावी तशा. मग बुडाशी एक फट पडली, त्यांनी कोपरा धरला, आणि ती तपकिरी पाकळी अख्खीच्या अख्खी, कागदासारखी करकरत, बाहेर आली. आत गुलाबी, ओलसर, शाबूत.

"बस," मुलगी म्हणाली. "आता हात काढा."

त्यानंतर ते दोन-अडीच तास बसले होते. मधे लाइट आली, बाहेर दोन गिऱ्हाइकं हाका मारून गेली, त्यांनी मान वर केली नाही. ती सांगत होती, ते करत होते. अधूनमधून फाटायचीच एखादी कडेने, पण आतलं बोंड वाचायचं. हळूहळू ती सांगायची थांबली, नुसती बघत राहिली. मी मान्य करते की माझ्यापेक्षा त्यांचा हात लवकर बसला. मी तिसऱ्या डब्याला हात टेकले आणि त्यांना कळ्या उचलून द्यायचं काम पत्करलं. हाताखाली काम करण्यात इतका आनंद मला आयुष्यात क्वचित झालाय.

रविवारी सकाळी मी लवकर गेले. फुलं उमलली होती. नेहमीपेक्षा लहान, कारण बाहेरच्या पाकळ्या गेल्या होत्या. पण उघडी, गुलाबी आणि खोलीभर वास. मिस्तरी मांडवाकडे गेले होते. फुफी हार ओवायला बसली. पाचसहा फुलं तिने बाजूला काढली. त्यांच्या पाकळ्या कडेने फाटलेल्या होत्या.

"एवढी बाजारची आणली तर काय बिघडलं?" कुणीतरी म्हणालं. "फाटकी फुलं दिसतील फोटोत."

मुलगी आरशासमोर बसली होती. आता तिचे हात मोकळे होते, मेंदी गडद लालसर रंगली होती. ती म्हणाली, "ती काढू नका. सगळ्यात वर लावा, गळ्याजवळ."

"अगं, वरच तर दिसतील!"

"तुम्हाला खालची दिसतील. मी मान खाली घालून बसणार ना? मला फक्त वरची दिसतात." मग ती म्हणाली, "ती अब्बूंनी आधी खोललेली आहेत. हात बसायच्या आधी जी वाचली, ती."

मी चष्मा पुसायला म्हणून बाहेर गेले.

निकाह झाला, जेवणं झाली, दुपार कलली आणि धुळ्याच्या गाड्या सुरू झाल्या. बायकांनी तिला धरून आणलं. मिस्तरी पांढऱ्या कुर्त्यात पुढे आले. लेकीला जवळ घ्यायला त्यांनी हात पसरले आणि मधेच थबकले. ते हाराकडे बघत होते. एकेक फूल ओळखीचं. त्यांनी छाती मागे घेतली, कंबरेत वाकले, आणि हाराला धक्का लागू नये अशा बेताने नुसते तळवे तिच्या खांद्यांवर ठेवले.

"चुरगळू द्या, अब्बू," ती म्हणाली, आणि त्यांना घट्ट मिठी मारली.